श्रेयाचे फलक पुरे, बैठकीचे इतिवृत्त दाखवा

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व राजकीय पक्षांचे प्रदेशाध्यक्ष आणि विधिमंडळातील गटनेते यांस,

सप्रेम जय भीम.

चौदा एप्रिल जवळ आला की आमच्या तालुक्याच्या मुख्य चौकात तुमचे फलक लागतात. एकावर लिहिलेले असते, ॲट्रॉसिटीचा कायदा आमच्या सरकारने आणला. शेजारच्यावर, तो आम्ही कडक केला. तिसरा म्हणतो, न्यायालयात बोथट झालेल्या कायद्याला आम्ही पुन्हा धार लावली. हे सगळे दावे कागदोपत्री खरे आहेत. अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार रोखणारा हा कायदा १९८९ साली संमत झाला तेव्हा केंद्रात काँग्रेसचे सरकार होते. ३० जानेवारी १९९० ला तो लागू झाला तेव्हा विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान होते. २०१५ ची दुरुस्ती आणि २०१८ चे कलम १८-अ भाजपच्या राजवटीत आले.

मी वकील नाही आणि कोणत्याही पक्षाची सभासदही नाही. अत्याचाराच्या प्रकरणांत फिर्यादीसोबत पोलीस ठाण्यात जाणे, अर्ज लिहून देणे, समाज कल्याण कार्यालयात अर्थसाहाय्याच्या फायलीमागे फिरणे, हे काम मी मराठवाड्यात कितीतरी वर्षे करते आहे. ज्या कायद्याच्या श्रेयावरून तुमचे प्रवक्ते वाहिन्यांवर एकमेकांची उणीदुणी काढतात, तो कायदा गावात पोचतो तेव्हा त्याच्या बाजूने उभे राहायला तुमच्यापैकी कोणीही आलेले मी पाहिलेले नाही. हे आजचे नाही. शंभर वर्षे हेच चालत आले आहे, आणि तो इतिहास तुमच्या प्रवक्त्यांनी कधी नीट वाचला असेल असे त्यांच्या बोलण्यावरून वाटत नाही. म्हणून आधी तो सांगते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा स्वतःचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पण तिथे जाऊन घागर बुडवायची कोणाची प्राज्ञा नव्हती. १९२६ मध्ये बोल्यांना पुन्हा कौन्सिलात उभे राहून म्हणावे लागले की ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे हा ठराव पाळत नाहीत त्यांचे अनुदान बंद करा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारो माणसांसह तळ्याचे पाणी घेतले. त्याच दिवशी गावात परतणाऱ्या माणसांना गाठून मारहाण झाली. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, महाड नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. डिसेंबरात दुसऱ्या सत्याग्रहाच्या तोंडावर दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम आला. तो दावा लढत लढत मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. कौन्सिलातल्या ठरावापासून तळ्यावरच्या निर्वेध हक्कापर्यंत जवळजवळ चौदा वर्षे गेली.

महाडची हकीकत मी मुद्दाम सविस्तर सांगितली. नंतरच्या प्रत्येक कायद्याचा प्रवास साधारण याच वाटेने झाला आहे. वरच्या सभागृहात ठराव होतो, खालची संस्था मान डोलावते आणि हात आखडता घेते, हक्क बजावायला गेलेला माणूस मार खातो, मग प्रकरण न्यायालयात अडकते. महाडात बाबासाहेबांसोबत सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ही माणसे उभी होती. त्यांतला एकही अस्पृश्य समाजातला नव्हता. त्यांनी स्वतःच्या गावाचा, स्वतःच्या जातीचा रोष ओढवून घेतला. तुमच्या तालुकाध्यक्षांपैकी आज असे किती जण करतील, याचा विचार प्रत्येक पक्षाने आपल्यापुरता करावा.

पुढे केंद्रीय कायदेमंडळात सी. एस. रंगा अय्यर यांनी अस्पृश्यता आणि मंदिरप्रवेशाविषयी विधेयके आणली. पुणे कराराला फार दिवस झालेले नव्हते आणि काँग्रेसच्या नेत्यांनी सुरुवातीला त्यामागे जोर लावला. १९३४ च्या निवडणुका जवळ आल्या तसा तो जोर ओसरला. ऑगस्ट १९३४ मध्ये अय्यरांनी विधेयक मागे घेतले आणि पाठ फिरवणाऱ्या काँग्रेसला भर सभागृहात सुनावले. पण याच काँग्रेसच्या प्रांतिक सरकारांनी नंतर मद्रासेत १९३८ मध्ये आणि मुंबईत १९४६ मध्ये सामाजिक निर्बंध हटवणारे कायदे केले. मुंबईत १९४७ मध्ये मंदिरप्रवेशाचाही कायदा झाला. त्याच वर्षी मे महिन्यात पंढरपुरात विठ्ठलाचे दार उघडावे म्हणून साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. मुंबईत बाळासाहेब खेरांचे काँग्रेस सरकार असताना! तेव्हा काँग्रेसने काय केले या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, आणि जो कोणी ते एका वाक्यात देतो तो अर्धे सांगतो आहे असे खुशाल समजावे.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर केले. ते अंमलात आणण्यासाठी फौजदारी कायदा यायला १९५५ उजाडले. त्याचे विधेयक सप्टेंबर १९५४ मध्ये राज्यसभेत आले तेव्हा बाबासाहेब विरोधी बाकांवरून बोलले. या कायद्याच्या नावात नागरी हक्कांचे संरक्षण यावे असे त्यांचे म्हणणे होते. गुन्हा तडजोडपात्र ठेवण्यालाही त्यांची हरकत होती. ज्याच्या शेतावर रोजंदारी करायची त्यानेच विहिरीवरून हाकलले तर मजूर तडजोडीला नाही कसा म्हणणार? सरकारने ऐकले नाही. १ जून १९५५ पासून अस्पृश्यता (गुन्हे) कायदा लागू झाला. शिक्षा होती सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, आणि तडजोडीचे दार उघडेच राहिले.

ते बंद व्हायला आणखी एकवीस वर्षे लागली. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर नेमलेल्या इलायापेरुमल समितीने १९६९ मध्ये अहवाल दिला, १९७२ मध्ये दुरुस्ती विधेयक आले आणि १९ नोव्हेंबर १९७६ पासून कायद्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे झाले. गुन्हे तडजोडीच्या बाहेर गेले. तपासात जाणूनबुजून हयगय करणारा सरकारी नोकर गुन्ह्याला साथ देणारा मानला जाऊ लागला. बाबासाहेब जाऊन वीस वर्षे होत आली होती. आणि हे घडले त्या वर्षी आणीबाणी होती, विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात होते, नागरिकाला अटकेविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावता येत नव्हते. आणीबाणीवर बोलणारे पक्ष हा कायदा विसरतात. या कायद्याचे श्रेय घेणारे आणीबाणी विसरतात. आम्हाला दोन्ही लक्षात ठेवावे लागते, कारण आम्हाला दोन्हींची किंमत माहीत आहे.

आता १९८९ चा कायदा. तो कोणाच्या मनात अचानक दया उपजली म्हणून आलेला नाही. २५ डिसेंबर १९६८ ला तंजावर जिल्ह्यातल्या किळवेनमणी गावात मजुरी वाढवून मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला आणि एका झोपडीत ४४ जण जाळले गेले, त्यांत बहुतेक बायका आणि मुले. तमिळनाडूत तेव्हा द्रमुकचे सरकार होते. मे १९७७ मध्ये बिहारात बेलछीचे हत्याकांड घडले तेव्हा केंद्रात जनता पक्ष होता. जुलै १९८५ मध्ये आंध्रातल्या कारमचेडूत पिण्याच्या पाण्याच्या तळ्यावरून वाद पेटला आणि दलित वस्तीत माणसे मारली गेली, राज्य तेलुगू देसमचे होते. कायदा झाल्यावर ऑगस्ट १९९१ मध्ये त्याच आंध्रात त्सुंडूरला दलितांचे हत्याकांड झाले, तेव्हा काँग्रेस होती. २०१६ मध्ये उना इथे दलित तरुणांना भररस्त्यात मारहाण झाली ती गुजरातेत, भाजपच्या राज्यात. अशा वेळी विरोधात बसलेल्या पक्षाचे नेते तिथे जातात, आणि सत्तेतले अनेकदा हा दोन गटांतला जुना वाद असल्याचे सांगतात.

आपल्याकडे खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६. एकाच दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या, राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण ॲट्रॉसिटीचे कलम लागू होते असे मानले नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयातही ते लागले नाही. ज्या हत्याकांडाने महाराष्ट्र पेटला, त्यातही जात सिद्ध झाली नाही. मी जेव्हा एखाद्या बाईला सांगते की फिर्यादीत शिवीगाळीचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायला लावा, लाज वाटली तरी गाळू नका, तेव्हा माझ्या डोक्यात खैरलांजी असते.

१९८९ साली कायदा संमत झाला तरी त्याचे नियम ३१ मार्च १९९५ ला निघाले. मधल्या काळात देशाने चार पंतप्रधान पाहिले. नियमांशिवाय कायदा म्हणजे तपास कोणी करायचा, फिर्यादीला मदत किती आणि कधी द्यायची, साक्षीदाराचा प्रवासखर्च कोणी द्यायचा, यांतले काहीच धड ठरलेले नाही. या साडेपाच वर्षांचे श्रेय घ्यायला मात्र कोणी पुढे येत नाही.

२०१५ च्या दुरुस्तीची गोष्ट तुमच्या भांडणाला सर्वांत समर्पक आहे. देशभरातल्या दलित-आदिवासी संघटनांनी कायद्यातल्या पळवाटांचा अनेक वर्षे अभ्यास करून मागण्या लावून धरल्या. मनमोहन सिंग सरकारने डिसेंबर २०१३ मध्ये विधेयक मांडले, मार्च २०१४ मध्ये वटहुकूम काढला, आणि ते सरकार गेले. मोदी सरकारने तेच विधेयक पुन्हा आणले, ते डिसेंबर २०१५ मध्ये राज्यसभेत मंजूर झाले आणि २६ जानेवारी २०१६ पासून अंमलात आले. चपलांची माळ घालणे, मिशा काढणे, मेलेली जनावरे उचलायला लावणे हे त्यात स्पष्ट शब्दांत गुन्हे ठरले. हा कायदा कोणाचा, हे ठरवायला बसलात तर दोन्ही बाजूंचा निम्मा-निम्मा वाटा निघेल आणि तरीही तो पूर्ण भरणार नाही, कारण ज्यांनी तो मागितला ते दोन्हीकडे नाहीत.

महाराष्ट्राने आपली पाटी कोरी समजू नये. १९९५ नंतरच्या युती सरकारने मराठवाड्यातले ॲट्रॉसिटीचे खटले मोठ्या संख्येने मागे घ्यायचे ठरवले. २०१६ मध्ये कोपर्डीत एका मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर मराठा समाजाचे मोर्चे निघाले. त्या मुलीला न्याय मिळालाच पाहिजे होता, पण त्या मोर्चांत ॲट्रॉसिटी कायदा बदलण्याची मागणी आली तेव्हा जवळपास प्रत्येक मोठ्या पक्षातल्या कोणा ना कोणा नेत्याने तिला दुजोरा दिला किंवा मूग गिळून बसणे पसंत केले. २० मार्च २०१८ ला, महाडच्या सत्याग्रहाच्या दिवशीच, सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी आणि अटकेआधी वरिष्ठांची परवानगी आवश्यक केली. ते प्रकरण आपल्याच कराडमधून गेले होते. २ एप्रिलला लोक रस्त्यावर उतरले, देशात अनेक जण त्या दिवशी जिवाला मुकले. ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ आणून जुनी स्थिती परत आणली. २ एप्रिलचा तो भारत बंद कोणत्याही मोठ्या पक्षाने पुकारलेला नव्हता.

आता मला जे प्रत्यक्ष दिसते ते सांगते. उन्हाळ्यातले लग्न होते. वरात मारुतीच्या देवळासमोरून गेली म्हणून नवरदेवाला घोड्यावरून ओढले, बॅन्डवाल्यांचे ढोल फोडले, मुलाच्या चुलत्याचे डोके फुटले. रात्री साडेनऊला आम्ही ठाण्यात पोचलो. ठाणे अंमलदार म्हणाले, एन.सी., म्हणजे अदखलपात्र नोंद, घेतो. आम्ही म्हटले, हा दखलपात्र गुन्हा आहे. मग जातीचा दाखला आणा म्हणाले. फिर्याद घेण्यासाठी दाखला अडवून धरता येत नाही हे त्यांना माहीत होते आणि मलाही. मग डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) साहेब बंदोबस्तात असल्याचे कळले. नवरी मुलगी हळदीच्या अंगाने बाकावर बसून होती. अकराच्या सुमारास एक पांढरी गाडी आली आणि तिच्यातून दोन माणसे उतरली. दोन वेगवेगळ्या पक्षांचे तालुक्याचे पुढारी, विधानसभेला एकमेकांविरुद्ध जिवाची बाजी लावलेले. एकाच गाडीतून आले, एकाच बाकावर बसले आणि मुलाच्या बापाला म्हणाले, "गावात राहायचं हाय ना? सोन्यासारखं लगीन झालंय, कशाला कोर्टकचेरी?" गुन्हा नोंदला गेला पहाटे तीनला. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाच्या भावावर दरोड्याची क्रॉस तक्रार आली.

पुढचे तुम्हाला ठाऊक आहे. कायद्याप्रमाणे तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा, ६० दिवसांत दोषारोपपत्र, आणि त्यानंतर शक्यतो दोन महिन्यांत खटला संपवायचा. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, साक्षीदार मजुरी बुडवून तालुक्याला येतो, त्याचा भत्ता निघत नाही, चौथ्या तारखेला तो येत नाही आणि पाचव्या तारखेला फितूर होतो. मग निर्दोष सुटका होते आणि तुमचेच कोणीतरी भाषणात सांगते, बघा, किती खोट्या केसेस असतात.

आता माझे मागणे. ते नव्या कायद्याचे नाही. १९९५ च्या नियमांतल्या नियम १६ प्रमाणे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्यस्तरीय उच्चाधिकार दक्षता व नियंत्रण समिती असते आणि तिची बैठक वर्षातून किमान दोनदा, जानेवारी आणि जुलैत, झालीच पाहिजे. नियम १७ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायला हवी. राज्य समितीवर अनुसूचित जाती-जमातींचे खासदार-आमदार असतात, जिल्हा समितीवरही लोकप्रतिनिधी सदस्य असतात. म्हणजे तुमच्या सर्वांच्या पक्षांची माणसे त्या टेबलाभोवती बसायला कायद्याने बांधलेली आहेत. मला एका जिल्हा बैठकीचे इतिवृत्त पाहायला मिळाले होते. "मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्यात आले", त्याखाली प्रलंबित प्रकरणांचा तक्ता, आणि लोकप्रतिनिधींच्या नावांपुढे एकसारखे "अनुपस्थित". सत्ताधारी आणि विरोधक, दोघांपुढेही.

तेव्हा जे सत्तेत आहेत त्यांनी मुख्यमंत्र्यांना जानेवारी आणि जुलैची बैठक घ्यायला लावावी आणि तिचे इतिवृत्त जाहीर करावे. जे विरोधात आहेत त्यांनी प्रत्येक अधिवेशनात तारांकित प्रश्न टाकून ते मागावे. हे दोन्ही करायला कोणतीही घटनादुरुस्ती लागत नाही. प्रत्येक पक्षाने आपल्या खासदार-आमदारांची जिल्हा समितीतली हजेरी दरवर्षी प्रसिद्ध करावी, ती प्रसिद्ध करण्यासारखी असेल तेव्हाच ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर फलक लावावेत. विशेष सरकारी वकिलांच्या नेमणुका पक्षाच्या शिफारशीवर होऊ नयेत, ज्याने अत्याचाराचे खटले चालवलेत असा माणूस त्या खुर्चीत असावा. आणि सर्वांत तातडीचे म्हणजे तुमच्या तालुकाध्यक्षांना लेखी कळवा की अत्याचाराच्या प्रकरणात समझोत्यासाठी ठाण्यात पाऊल टाकले तर पद जाईल. १९७६ साली जी तडजोड कायद्याने संपवली ती तुमची माणसे रात्री अकराला पांढऱ्या गाडीतून परत आणतात, आणि ती थांबवणे पोलिसांच्या नव्हे, तुमच्या हातात आहे.

मला या पत्राचे उत्तर पाठवू नका. त्याऐवजी तुमच्या प्रत्येक आमदाराला आपल्या जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे एक पत्र द्यायला सांगा: पुढच्या दक्षता समितीच्या बैठकीला मी स्वतः येणार आहे, ६० दिवस उलटूनही दोषारोपपत्र न गेलेल्या प्रकरणांची आणि अर्थसाहाय्य थकलेल्या कुटुंबांची यादी मला आठ दिवस आधी मिळावी. त्या पत्राची प्रत सहायक आयुक्त, समाज कल्याण यांनाही द्या, तेच समितीचे सदस्य सचिव असतात.

आपली,
मराठवाड्यातील एक कार्यकर्ती